क्लचची पाचर

आमच्या घरात ‘म्हातारा’ म्हटलं की आजोबा कोणाच्या डोक्यात येत नसत, ट्रॅक्टर येई. आजोबा मी पाळण्यात असतानाच गेले. ट्रॅक्टर मात्र माझं लग्न होईपर्यंत परसातल्या पडवीत उभा होता. आमच्याकडे येण्याआधी तो दोन घरं फिरून आलेला, मूळचा लाल रंग उडून विटकरी झालेला, आणि सुरू होताना असा खोकायचा की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढून बसत. आमचं गाव कोपर आणि दिवा या गावांच्या मधलं, खाडीच्या अंगाला. पुढे भातशेती, मागे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन, आणि खाजणाचा बांध. पावसाळ्याच्या सुरुवातीला म्हातारा चिखलणी करायचा, दसऱ्यानंतर गवत आणि पेंढा भरून तबेल्यांना पोचवायचा, आणि मधले दोन-अडीच महिने ताडपत्री पांघरून झोपायचा. आज त्या पडवीच्या जागी सोळा मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या तळघरात गाड्या लावायला लोक रोज भांडतात. मी त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि कोणी खाली इंजिन सुरू करून गिअर खरखरवला की अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं. माझी सून म्हणते, सासूबाईंना आवाजाचा त्रास होतो. आवाजाचा नाही गं, भीतीचा. पण ते सांगायचं तर हे सगळं सांगावं लागतं.

आईचं आणि म्हाताऱ्याचं आधीच पटत नसे. मी सांगते त्याच्या आदल्या वर्षापासून तर तिनं त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर हातभर मागे सरकला होता आणि बाबांचा डावा गुडघा ट्रॉलीच्या दांड्यात सापडला होता. तीन महिने ते खाटेवर होते. पाय वाचला, पण वाकेना. क्लच डाव्या पायाचा. म्हाताऱ्याचा क्लच इतका जड की धडधाकट माणसाच्या मांडीला गोळे यावेत. बाबा दातओठ खाऊन एकदा दाबायचे, पण दाबून धरणं त्यांना जमत नसे. त्या वर्षीच्या चिखलणीला बाहेरचा ड्रायव्हर बसवावा लागला, तो बांधावर उभं राहून बघताना बाबांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. आई म्हणायची, “अर्धा मानूस खाल्ला हाय ह्या लोखंडानी. उरलेला अर्धा पन खाईल एक दिवस. इका त्याला.” बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. म्हातारा विकायचा म्हणजे आपण आता काही कामाचे राहिलो नाही, असं त्यांना वाटत असावं. हे मला आज कळतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला फक्त एवढं कळायचं की हे दोघं बोलायला लागले की आपण विहिरीवर जावं.

आता पाचरीचं सांगते. चिखलणी संपली की म्हाताऱ्याला धुऊन, पुसून, चार दिवस वाळवून पडवीत घ्यायचा, आणि मग घरात दर वर्षी एक ठरलेला कार्यक्रम व्हायचा. आई क्लचच्या पेडलवर दोन्ही पाय ठेवून उभी राहायची, पेडल तळाला जायचं, आणि बाबा पेडल आणि सीटखालची लोखंडी पट्टी यांच्या मध्ये खैराची एक पाचर ठोकायचे, वीतभर लांब आणि मनगटाएवढी जाड. मग आईनं उतरायचं. पेडल तसंच खाली दाबलेलं राहायचं, थेट दसऱ्यापर्यंत. “पाचर हाय तवर म्हातारा हाय,” बाबा म्हणायचे, “हिला कोनी हात लावायचा नाय.” का लावायचा नाही ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात हात न लावायच्या गोष्टी पुष्कळ होत्या, प्रत्येकीचं कारण विचारत बसलं असतं तर जेवायला वेळ मिळाला नसता.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे अंगात आल्यासारखी साफसफाई असायची. भांडी, माळा, पाटे-वरवंटे, काही सुटायचं नाही. त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेची अवजारं घासायचं काम आईनं माझ्यावर टाकलं. कोयते, विळे, कुदळी झाल्या. मग मला वाटलं, बाबांचा म्हातारा का मागे राहावा? पाय मोडल्यापासून ते परसात फारसे येत नव्हते; दसऱ्याला ताडपत्री काढतील आणि म्हातारा लखलखीत बघतील, मग हसतील, असं माझं चित्र होतं. विहिरीचं पाणी काढून मी वीस-पंचवीस बादल्या त्याच्यावर ओतल्या. वरून ओतल्या, खालून मारल्या, जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे मारल्या. ती पाचर चिखलानं माखून काळी पडली होती. पूजेला सगळी अवजारं मांडायची आणि वर्षभर म्हाताऱ्याला जपणारी पाचर मात्र तशीच घाणेरडी, हे मला बघवेना. हातोडीचे चार ठोके मारले, ती निसटली, आणि पेडल धप्पकन वर आलं. मागच्या दाराशी आई तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी पाचर काथ्यानं घासली, उन्हात वाळवली आणि देव्हाऱ्यामागे कोयत्यांच्या शेजारी ठेवली. ताडपत्री होती तशी ओढून घेतली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

नवरात्रात आमच्याकडे सुकटीचा वास बंद व्हायचा, घर कसं परकं वाटायचं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, भोपळ्याची भाजी. सहाव्या की सातव्या माळेला जेवताना स्टीलचे दोन पेले एकमेकांत असे अडकले की मी ओढून ओढून थकले. बाबांनी ते माझ्या हातातून घेतले, उलटसुलट केले आणि हसत म्हणाले, “बघ, क्लचची पन अशीच गत होते.” त्यांना समजावून सांगायला फार आवडे, आणि खाटेवर पडल्यापासून ऐकायला मीच होते. त्यांनी दोन पेले वर धरले. हा इंजिनचा, तो चाकांचा. पेडल दाबला की दोघं सुटतात, सोडला की चिकटतात. आत पाणी गेलं, गंज धरला, आणि दोघं एकमेकांवर दाबून पडून राहिले की मग पेडल कितीही दाबा, सुटत नाहीत. “मग काय होतं?” मी विचारलं. “मग इंजिन फिरला की चाक फिरला. तू क्लच दाबून बसलीस तरी तो निघाला. म्हनून तर पाचर. पाचर हाय तवर दोघं लांब.” बाबांनी पेले गरम पाण्यात धरले, एक टिचकी मारली आणि ते सुटले.

त्या दिवसापासून मी भ्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर मी पाचर घेऊन पडवीत गेले. पेडलवर उभी राहिले, ते तळाला गेलं. पण वाकून पाचर लावायला गेले की वजन हलायचं आणि पेडल मला वर फेकायचं. चार वेळा केलं. ते काम दोन माणसांचंच होतं, आणि दुसरं माणूस आणायचं म्हणजे सांगायचं. बाबा मारतील म्हणून मी घाबरले नव्हते, त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. मला भीती होती ती त्यांच्या तोंडाची. चिखलणीच्या दिवशी बांधावर झालं होतं तसं ते तोंड पुन्हा होईल आणि या खेपेला ते मी केलेलं असेल. आणि आईला तर निमित्तच हवं होतं. मी पाचर पुन्हा देव्हाऱ्यामागे ठेवली. खंडेनवमीला आईनं तिला सगळ्यांबरोबर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि मी हात जोडून म्हाताऱ्याचे पेले सुटू देत म्हणून देवीला साकडं घातलं.

दसऱ्याला सकाळी दाराला भाताच्या लोंब्यांचं तोरण लागलं. स्वयंपाकघरात आई वड्यांचं पीठ मळत होती. बाबांनी धुतलेला सदरा घातला, काठी टेकत पडवीत आले, ताडपत्री ओढली. म्हातारा खरंच लखलखीत होता. बाबा हसले. अगदी मी ठरवलं होतं तसे हसले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. पाचर जागेवर नाही हे त्यांनी पाहिलं, पण पूजेला काढलेली त्यांनी आतच पाहिली होती, त्यामुळे काही बोलले नाहीत. हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आता सुरू करून लिंबांवरून दोन हात पुढे घ्यायचा की झाला दसरा. इंजिन खोकत खोकत सुरू झालं. बाबांनी दात आवळून क्लच दाबला, गिअर ओढला. कर्रर्र असा आवाज आला की घरातून आई बाहेर आली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. बाबांनी इंजिन बंद केलं. “क्लच सोडत नाय,” ते म्हणाले.

घराला लागून आमची भाड्यानं दिलेली चार खोल्यांची चाळ होती, तिच्या कडेच्या खोलीत जाधवकाका राहायचे. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात फिटर होते आणि लोखंडाचं त्यांना माणसापेक्षा जास्त कळायचं. दसऱ्याचा दिवस त्यांच्याही घरी मोठा, पण वेगळा. ते बौद्ध, त्या दिवशी सगळं घर पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचं. काकू आणि मुली पुढे निघाल्या होत्या. काका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आमच्या पडवीत आले, हात मागे बांधून म्हाताऱ्याभोवती फिरले, पेडल हातानं दाबून पाहिलं, खाली वाकून दांडी हलते का ते पाहिलं.

“दादा, एक सांगा. पाचर होती ना लावलेली, पावसाळाभर?”

“होती तं. मीच ठोकलेली. काल पूजेला काढली हिनी,” बाबा आईकडे हात करून म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. आई हातावरचं पीठ खरवडत होती. मला वाटलं, ती म्हाताऱ्यावर चिडून गप्प आहे, नाहीतर सणाच्या दिवशी वाद नको म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं मिटलं असतं. एक वाक्य होतं ते. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, हजारो वाक्यं फळ्यावर लिहिली, पण ते एक वाक्य किती जड होतं हे अजून मला मोजता येत नाही.

“एका दिवसात प्लेट चिकटत नाही,” काका म्हणाले. प्लेट म्हणजे बाबांनी दाखवलेला तो चाकांचा पेला. “म्हणजे प्लेट नाही. पेडलची दांडीच ढिली झाली असणार, नाहीतर आतला फोर्क. असं करा, आज हात लावू नका. मी वंदना आटपून येतोच दुपारपर्यंत, मग खोलू. खाली शिरू नका हं दादा, एकट्यानं.”

काका गेले. बाबा दहा मिनिटं थांबले असतील. चाकांखाली लिंबं तशीच, हार तसाच, दसऱ्याच्या दिवशी म्हातारा जागचा हलला नाही तर वर्षभर हलायचा नाही असं काहीसं त्यांच्या मनात असणार. “दांडीच हाय ना, दोन आटे आवळायचे,” म्हणत त्यांनी पाना घेतला, गोणपाट अंथरलं आणि वाकत नसलेला पाय हातानं उचलून आत सारत ते म्हाताऱ्याच्या पोटाखाली शिरले. मागच्या चाकापुढे विटेएवढा एक दगड लावला होता. मोडका पाय सरळच राहायचा, तो चाकाच्या बरोबर पुढे बाहेर आला. पान्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला.

“बाय, वर बस. आता सोडील तो. क्लच पुरता दाबून धर, गिअरात टाक आन् चावीला एक टिचकी मार. प्लेट थांबते का फिरते ते मी भोकातना बघतो.”

मी वर चढले. मला कोणी ढकललं नाही. वडिलांनी सांगितलं की पाय आपोआप चालतात. दोन्ही पायांनी पेडल दाबलं, ते शहाण्यासारखं तळाला गेलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे गिअर मुकाट्यानं पडला. बोटांत चावी. खाली बघितलं तर बाबांच्या पायाची पाच बोटं दिसत होती, अंगठ्याच्या नखात आळित्यासारखं कुंकू लागलं होतं, आणि त्या बोटांपासून चाक दोन वितींवर होतं. प्लेट सुटलेली असती तर टिचकीनं काही झालं नसतं. सुटलेली नव्हती हे त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं. निदान तेव्हा मी तसंच धरून चालले होते.

“मार गो.”

मागच्या दारात आई येऊन उभी राहिली होती, कोपरापर्यंत पीठ, तोंड उघडं. आमची नजरानजर झाली.

“मार ना बाय, माझी पाठ भरून आली.”

मी चावी उपटून काढली आणि ओरडले. काय ओरडले ते आईनं नंतर सांगितलं, मला आठवत नाही: “बाबा भायेर या! पाचर मी काढली! धा-बारा दिस झाले! पानी मी मारला!” आमच्या बोलीत ओरडले, शाळेत जाऊन मी ती बोलायचं सोडलं होतं.

खालून पाना गोणपाटावर ठेवल्याचा आवाज आला, मग पाय सरकला, पाठोपाठ बाबा कोपरांवर घसटत बाहेर आले. ते उठले नाहीत. चाकाला पाठ लावून बसले आणि स्वतःच्या त्या पायाकडे बघत राहिले. मी चावी मुठीत धरून वरच बसले होते. ते म्हणाले, “जाधवानी इचारला तवा का नाय बोललीस?” मी म्हटलं, “भ्याले.” ते म्हणाले, “कोनाला? मना?” आई मागच्या दारातून आत निघून गेली होती.

दुपारी काका आले. ऐकून घेतलं आणि पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. प्लेट चिकटली असेल तर दोन मार्ग, ते म्हणाले. एक, ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन तुकडे करायचे, आठ दिवसांचं काम. दुसरा, झटका द्यायचा: इंजिन तासभर चालू ठेवून तापवायचं, बंद करायचं, वरच्या गिअरात टाकायचं, क्लच दाबून धरून स्टार्टर मारायचा. चिकटलेला ट्रॅक्टर सुरू होताच उडी मारून निघणार. निघाला की करकचून ब्रेक. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे, मधे प्लेट सुटते. सुटली तर. पुढे पन्नास-साठ पावलांची मोकळी पड होती, तिच्यापुढे खाजणाचा बांध आणि खाली खाडीचा चिखल.

ब्रेक उजव्या पायाचा, तो बाबांचा चांगला होता. क्लच डाव्या पायाचा, तो धरून ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. काकांना ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. पेडलवर उभं राहायला ते पुढे झाले, पण बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “पेडलवर तू उभी राहायची. दोनी पायांनी. मी सांगंतवर पाय उचलायचा नाय, आभाल कोसलला तरी.” ते रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी पेडलवर उभी राहिले आणि डाव्या बाजूच्या मडगार्डला मिठी मारली. बाबा सीटवर, त्यांचा खांदा माझ्या कमरेला लागत होता. काका बाजूला, आई घरात दारं लावून. बाबांनी चावी फिरवली आणि म्हाताऱ्यानं अशी उडी घेतली की माझे दात एकमेकांवर आपटले. झेंडूचा हार तुटून उडाला, लिंबं कधी चिरडली कळलंच नाही. बाबांनी ब्रेक मारला, आम्ही दोघं पुढे फेकलो गेलो, ब्रेक सुटला, पुन्हा उडी, पुन्हा ब्रेक. प्लेट सुटेना. बांध मोठा होत होता. पाय उचलून उडी मारावी असं मला अंगभर वाटत होतं आणि मी उचलला तर बाबा एकटे बांधावरून जातील हेही दिसत होतं. मी डोळे मिटून दोन्ही पायांवर होतं नव्हतं ते सगळं वजन टाकलं. तिसऱ्या ब्रेकला म्हाताऱ्याच्या पोटात टण्ण असं काहीतरी तुटल्यासारखं वाजलं. डोळे उघडले. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता, आणि म्हातारा जागच्या जागी उभा होता, बांधापासून एका खाटेच्या अंतरावर. “सुटली!” काका मागून ओरडले. बाबांनी गिअर काढला, इंजिन बंद केलं. “उचल आता पाय,” ते म्हणाले. मला उचलता येईना. शेवटी त्यांनी वाकून माझे घोटे एकेक करून हातानं पेडलवरून काढले.

म्हातारा त्यानंतर आठ वर्षं चालला आणि दर पावसाळ्यात पेडलवर मी उभी राहिले. बाबांनी केलं ते एवढंच, दर वर्षी पाचर ठोकून झाली की हातोडी माझ्या हातात देत आणि म्हणत, “बघ, घट्ट हाय ना? तू सांग.” मी हलवून बघायची आणि सांगायची. बाबा गेले, शेत गेलं, म्हातारा भंगारात गेला. पाचर माझ्याकडे आहे, इमारतीतल्या लहानशा देव्हाऱ्यामागे. खंडेनवमीला ती निघते, मिक्सर आणि नातवाच्या लॅपटॉपच्या शेजारी बसते.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याजवळ होती. अंथरुणावरून तिला देव्हारा दिसायचा. एका खंडेनवमीला मी पाचरीला हळद लावत होते, तेव्हा ती बारीक आवाजात म्हणाली, “काढलीस तवा मी बघितलेली गो तुला.” मी वळले. तिनं नजर काढून घेतली नाही. “इतकी वरसं पेडलवर उभी राहिलेली मी, पाचर कशाला ते मना ठावं नव्हता काय? मना वाटला, धरू दे गंज. नाय सुरू झाला तं बरा, माझा मानूस घरात राहील. जाधवानी इचारला तरी मी नाय बोलली.” तिनं पाचरीकडे पाहिलं. “मंग तो खाली शिरला.”

त्या दसऱ्याच्या दिवशी दारात ती उभी होती, कोपरापर्यंत पीठ, तोंड उघडं, ते मला काल पाहिल्यासारखं दिसतं. मी ओरडले नसते तर ती ओरडली असती का, हे तिला माहीत असेल, किंवा तिलाही माहीत नसेल. मी हळदीचा हात पदराला पुसला, पाण्याचा पेला भरला आणि तिची मान हातावर घेऊन तिला पाजलं.